थंडीतलं मसालेदार मॉकटेल: मसाला पाकात, फळ रसात, आंबट सगळ्यात शेवटी

थंडी पडली की मसाला घातलेल्या फळपेयांच्या कृती जिकडेतिकडे दिसायला लागतात आणि त्यातल्या बऱ्याचशा एकाच साच्यातल्या असतात. सफरचंदाचा रस, संत्र्याच्या चकत्या, दालचिनी, चार-पाच लवंगा, साखर, सगळं एका पातेल्यात घाला आणि अर्धा तास उकळा. घरभर वास छान सुटतो. पण जो वास घरभर सुटला तो पातेल्यातून गेलेला असतो. पेल्यात उरतो शिजलेल्या फळाचा बोथट गोडपणा, संत्र्याच्या सालीचा कडवटपणा आणि लवंगेने बधिर झालेली जीभ.

या पेयात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींच्या गरजा वेगळ्या. मसाल्याला उष्णता लागते आणि वेळही लागतो. फळाच्या रसाला यातलं काहीच फारसं मानवत नाही. लिंबाचा ताजेपणा तर काही मिनिटांच्या उकळीतही उतरतो. म्हणून मसाला साखरेच्या पाकात उतरवून घ्यायचा, रस कच्चा आणि गार ठेवायचा, आणि दोघांची गाठ पेल्यातच घालायची. असं केलं की चव कमीजास्त करणंही हातात राहतं. सगळं एकत्र उकळल्यावर लवंग जास्त झाली तर ती काढता येत नाही. पाक वेगळा असेल तर पुढच्या पेल्यात चमचाभर कमी घातला की झालं.

दुसरा मुद्दा मद्याचा. मॉकटेलमध्ये ते नसतं, त्यामुळे त्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं. मद्य घशाशी चुरचुरतं, जिभेवर थोडं कोरडं लागतं, म्हणूनच माणूस ते घोट घोट पितो. नुसता गोड रस दोन घोटांत संपतो आणि मग त्याला सरबतच म्हणावं. चुरचुर आणण्यासाठी आलं आणि मिरी, कोरडेपणासाठी काळा चहा आणि डाळिंबाचा मुळातला तुरटपणा, एवढं असलं की पेय आपोआप सावकाश प्यायलं जातं.

मसाल्याचा पाक

साधारण वीस पेल्यांना पुरेल इतका पाक करायचा, म्हणजे दोन आठवडे चिंता नाही. साखर २०० ग्रॅम, पाणी २०० मिली, दालचिनी १२ ग्रॅम, लवंगा ८, चक्रफूल २, काळी मिरी १ छोटा चमचा, हिरवी वेलची ६, आलं ३० ग्रॅम. दालचिनी शक्यतो वजन करून घ्या, कारण "दोन तुकडे" म्हणजे कुणाचे चार ग्रॅम तर कुणाचे पंधरा.

दालचिनी दोन प्रकारची मिळते. एक जाड, कडक सालीची, एकाच गुंडाळीची, म्हणजे कॅशिया. दुसरी पातळ पापुद्र्यांची, सिगारसारखी भरगच्च गुंडाळलेली आणि हाताने सहज चुरणारी सिलोन. कॅशिया तिखटसर आणि ठसठशीत, सिलोन सौम्य आणि किंचित गोडसर. डाळिंबासारख्या दमदार रसाबरोबर कॅशियाच उठून दिसते. नाशपाती किंवा नुसत्या सफरचंदाबरोबर सिलोन बरी. मात्र कॅशियात कूमरिन जास्त असतं आणि ते मोठ्या प्रमाणात यकृताला त्रासदायक ठरू शकतं. अधूनमधून एखादा पेला घेण्यात अडचण नाही. रोज पिणार असाल तर सिलोनच घ्या.

सगळे मसाले अख्खे हवेत. पूड वापरली की दोन गोष्टी बिघडतात. पेय गढूळ होतं आणि गाळणीतून ती पूड जातच राहते. शिवाय दालचिनीची पूड पाण्यात फुगून बुळबुळीत होते. पेल्याच्या तळाशी जो शेंबडासारखा थर साचतो तो तिचाच. कापडातून चारदा गाळूनही तो पुरता जात नाही.

कोरडं पातेलं मंद आचेवर ठेवा. जाड बुडाचं स्टीलचं घ्या. लोखंडाचं नको, कारण डाळिंबातलं आणि चहातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लोखंडाला लागलं की रंग काळपट होतो. पाकात लगेच डाळिंब जाणार नसलं तरी पुढे गरम पेय याच पातेल्यात होणार आहे. पातेल्यात मोडलेली दालचिनी, लवंगा, चक्रफूल आणि भरड कुटलेली मिरी घाला. एक ते दीड मिनिट हलवत राहा. लवंगा किंचित टपोऱ्या दिसायला लागतात आणि दालचिनीचा वास नाकाशी येतो, तिथेच थांबायचं. धूर दिसला म्हणजे उशीर झाला. करपलेल्या मसाल्याचा कडवटपणा साखरेने झाकला जात नाही, म्हणून तो घाणा टाकून नवीन घ्यावा.

आता पाणी, साखर आणि २० ग्रॅम आल्याच्या पातळ चकत्या घाला. साखर विरघळून उकळी आली की आच अगदी मंद करा, झाकण ठेवा आणि दहा मिनिटं होऊ द्या. झाकण हवंच, एक तर वास आत राहतो आणि दुसरं म्हणजे पाक आटून घट्ट होत नाही. गॅस बंद केल्यावर सालासकट ठेचलेली वेलची घालायची. तिचा सुगंध नाजूक असतो, उकळत ठेवला तर उडून जातो. पुन्हा झाकण ठेवून पंचवीस मिनिटं मुरू द्या आणि मग गाळा. "रात्रभर मुरवा" असा सल्ला पुष्कळदा वाचायला मिळतो, पण तो इथे पाळू नये. लवंग आणि चक्रफूल जितका वेळ राहतील तितकं सोडतच राहतात. लवंगेतलं युजेनॉल दातांच्या औषधात जीभ-हिरडी बधिर करायला वापरतात, त्यामुळे रात्रभर मुरवलेला पाक कसा लागेल याची कल्पना यावी.

उरलेलं १० ग्रॅम आलं किसून पिळा. साधारण चमचाभर रस निघतो. वाटीत पाच मिनिटं स्थिर ठेवला की तळाशी पांढरा साका बसतो. तो मागे ठेवून वरचा रस गार झालेल्या पाकात घाला. आलं असं दोन हप्त्यांत घालायला कारण आहे. उकळल्यावर त्याचा तिखटपणा मवाळ आणि गोडसर होतो, कच्च्या रसाचा मात्र झणझणीत राहतो. या पेयाला दोन्ही हवेत.

पाक साधारण ३०० मिली भरतो. तो नुसता चाखून मत बनवू नका, कारण एवढ्या गोडीत मसाला कळतच नाही. एक चमचा पाक पाच चमचे पाण्यात मिसळून चाखा. लवंग पुढे पुढे करत असेल तर साधा साखरेचा पाक करून त्यात अर्ध्यास अर्धा मिसळा. मसाला फिका वाटला तर पुन्हा उकळत बसू नका, पेल्यात पाक थोडा वाढवा आणि तेवढ्याच बेताने लिंबूही वाढवा.

साखरेऐवजी मध चालतो, पण त्याचा स्वतःचा वास मसाल्याशी झोंबतो, म्हणून निम्मी साखर आणि निम्मा मध हे प्रमाण बरं. मध असलेलं पेय वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात द्यायचं नाही.

रस

सफरचंद, डाळिंब आणि संत्रं या त्रिकुटावर भरवसा ठेवायला हरकत नाही. सफरचंद अंग देतं, डाळिंब रंग आणि तुरटपणा, संत्रं वास. प्रत्येकाचा रस काढताना एकेक खोड सांभाळावी लागते.

सफरचंद कापल्याबरोबर तपकिरी पडायला लागतं. किसून कापडातून पिळत असाल तर भांड्यात आधीच लिंबाचा रस घालून ठेवा, अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा पुरतो. एक किलोतून साधारण अर्धा लिटर रस निघतो. तासभर फ्रीजमध्ये ठेवला की गाळ खाली बसतो आणि वरचा रस अलगद ओतून घेता येतो. गोड आणि आंबट अशी दोन जातींची सफरचंदं मिसळली तर लिंबावरचा भार कमी होतो. डबाबंद रस घेणार असाल तर साखर न घातलेला, शंभर टक्के फळाचा घ्या. 'फ्रूट ड्रिंक' किंवा 'नेक्टर' लिहिलेल्या बाटलीत पाणी असतं आणि बहुधा साखरही, मग खालची सगळी मापं कोलमडतात.

डाळिंबाचा रस काढताना मिक्सर एकसारखा फिरवला की कडू होतो. दाण्यांतल्या बिया दळल्या जातात आणि त्यांचा कडवट तुरटपणा रसात उतरतो. दोन-तीन झटके द्या, बिया अख्ख्या राहिल्या पाहिजेत, आणि मग गाळणीवर चमच्याने दाबा. दाणे सोलताना पांढरे पडदेही निवडून काढा. एका मध्यम डाळिंबाचा साधारण १०० मिली रस धरावा.

संत्र्याचा रस शेवटी काढायचा. काही जातींच्या संत्र्यांचा रस काढल्यावर गोड लागतो आणि तास-दोन तासांनी कडू होतो, कारण रस मोकळा झाल्यावर त्यात लिमोनिन हळूहळू तयार होतं. बियांमध्ये आणि पाकळ्यांच्या पडद्यांमध्ये हा प्रकार जास्त, त्यामुळे दाबून दाबून पिळण्याचा मोह टाळावा. संत्र्याऐवजी ग्रेपफ्रूट घालायचं असेल तर पाहुण्यांना सांगा. बऱ्याच औषधांबरोबर ते चालत नाही.

बदल म्हणून नाशपाती, काळी द्राक्षं, प्लम, क्रॅनबेरी हे सगळं जमतं. क्रॅनबेरी इतकी आंबट आणि तुरट असते की लिंबू निम्मं करावं लागतं. नाशपातीचा रस मऊ आणि जरा सपक. तिला मिरी थोडी वाढवून द्या. पिकलेलं केळं किंवा आंबा मात्र इथे टाळलेला बरा, गर दाट होतो आणि मसाला त्यात बुडून जातो.

गार पेला

एका पेल्याचं माप: सफरचंदाचा रस ६० मिली, डाळिंब ४५, संत्रं ३०, मसाल्याचा पाक १५, लिंबाचा रस १०, वरून गार सोडा ६०. पंधरा मिली म्हणजे एक मोठा चमचा, त्यामुळे मापाचा पेला नसला तरी अडत नाही.

सोडा सोडून बाकी सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत बर्फाबरोबर घाला आणि दहा-बारा सेकंद जोरात हलवा. हलवण्याने पेय गार होतं आणि बर्फ वितळून साधारण २५ मिली पाणीही मिसळतं. ते पाणी कृतीचाच भाग आहे, ते नसेल तर पेय जड लागतं. मोठ्या खड्यांचा ताजा बर्फ भरलेल्या पेल्यात गाळून घ्या. मघाशी हलवलेला बर्फ पुन्हा वापरू नका, तो अर्धा विरघळलेला असतो.

सोडा शेवटी, पेला तिरका धरून कडेने. तो अगदी गार हवा. कोमट सोड्यातला वायू टिकत नाही. रसात गर राहिला असेल तर सोडा ओतताच फसफसून पेल्याबाहेर येतो, कारण गराच्या कणांवर बुडबुडे भराभर तयार होतात. म्हणून गाळणी बारीक हवी. आणि सोडा घातलेलं पेय बरणीत हलवायचं नाही, हे सांगायला नको, पण झाकण उडालं की छतापर्यंत डाळिंब दिसतं.

शेवटचं काम संत्र्याच्या सालीचं. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा सुरीने पातळ काढा, आतला पांढरा भाग जमेल तेवढा खरवडून टाका. रंगीत बाजू पेल्याकडे करून दोन बोटांत चिमटा. तेलाचा बारीक फवारा पृष्ठभागावर पडतो, उजेडात धरलं तर त्याची चकाकी दिसते. जायफळ आवडत असेल तर याच वेळी किसणीवर दोनदा घासा, त्यापुढे नको. सजावट म्हणून अख्खं चक्रफूल तरंगवतात ते दिसायला देखणं असतं, फक्त खाण्याचंच चक्रफूल आहे ना याची खात्री असलेल्या ठिकाणाहून घ्या. हुबेहूब दिसणारी एक जपानी जात विषारी असते.

गरम पेला

गरम पेयाची मापं वेगळी असायला हवीत, हे बहुतेक कृती विसरतात. थंडपणात गोडी दबते, उष्णतेत ती पुढे येते. गार पेल्याचंच मिश्रण तापवलं तर ते गुळमट लागणार. म्हणून पाक १० मिली, सफरचंदाचा रस १०० मिली, डाळिंब ४० मिली आणि सोड्याच्या जागी ४० मिली काळा चहा. चहा १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पावडर, साडेतीन मिनिटं, मग लगेच गाळून. जास्त वेळ ठेवला तर तो कोरडेपणाच्या पलीकडे जाऊन कडू होतो. उरलेला चहा फ्रीजमध्ये गढूळ झाला तर घाबरायचं कारण नाही, गार पडल्यावर त्यातलं टॅनिन आणि कॅफिन एकमेकांना धरून बसतात. तापवला की पुन्हा स्वच्छ होतो.

रस, चहा आणि पाक एकत्र करून मंद आचेवर ठेवा आणि उकळू देऊ नका. थर्मामीटर असेल तर ६५ ते ७० अंश सेल्सियस. नसेल तर तळाशी बारीक बुडबुडे दिसायला लागले आणि वाफ नीट उठायला लागली की बंद. पेल्यात ओतल्यावर एक छोटा चमचा लिंबाचा रस आणि मघासारखीच संत्र्याची साल. संत्र्याचा रस गरम पेयात घालतच नाही, तापवल्यावर तो शिळा लागतो. साल पुरेसा वास देते. काचेचा पेला आधी गरम पाण्याने खंगाळून घ्या. जाड काच गरम द्रवाने आतून फुगते आणि बाहेरून थंडच राहते, म्हणून तडकते. पातळ काच उलट जास्त सोसते.

चव बिघडली तर

पेय कसं सावरायचं हे चाखताना ओळखता आलं पाहिजे. चव "सपाट" वाटली तर नव्वद टक्के वेळा लिंबू कमी असतं; साखर वाढवायची घाई नको. पाच मिली लिंबू घालून पुन्हा चाखा. कडू लागलं तर मिठाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब घाला, पाच चमचे पाण्यात एक चमचा मीठ विरघळवून ठेवलं की वर्षभर कामाला येतं. मीठ खारटपणा जाणवण्याआधीच कडवटपणा दाबतं. तोंडात सगळं कोरडं पडत असेल तर चहा किंवा डाळिंब जास्त झालंय, सफरचंदाचा रस वाढवा. पाणचट लागलं तर बर्फाकडे बघा, खडे फार बारीक असतील. आणि चाखायचं ते नेहमी ज्या तापमानाला वाढणार त्याच तापमानाला.

बारा जणांसाठी

गार पेयाचं मोठं माप असं: सफरचंद ७२० मिली, डाळिंब ५४०, संत्रं ३६०, पाक १८०, लिंबू १२०. एवढं सगळं बरणीत हलवत बसणं शक्य नाही, म्हणून वितळलेल्या बर्फाच्या बदली ३०० मिली गार पाणी मोजून घाला. ही ओळ वगळली जाते आणि मग पाहुणे "छान आहे, पण जरा गोड" म्हणतात. सफरचंदाचा रस आणि पाक आदल्या दिवशी, डाळिंब सकाळी, संत्रं आणि लिंबू वाढायच्या तासभर आधी. सोडा ७२० मिली लागेल, पण तो प्रत्येकाच्या पेल्यातच घालायचा. मोठ्या भांड्यात ओतला तर अर्ध्या तासात मरतो. त्या भांड्यात बर्फाचे खडे टाकण्यापेक्षा एखाद्या डब्यात आदल्या रात्री सफरचंदाचा रस गोठवून ती एकच वडी सोडा. हळू विरघळते आणि विरघळली तरी पेय पातळ होत नाही.

गरम पेय मोठ्या पातेल्यात ठेवायचं असेल तर शोभेसाठी म्हणून त्यात अख्खे मसाले सोडू नका. सोडायचेच असतील तर मलमलच्या कापडात बांधून वीस मिनिटांनी बाहेर काढा. मंद आचेवर तासभर चांगलं राहतं, पुढे डाळिंबाचा लाल रंग विटकरी व्हायला लागतो.

पाक उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या बाटलीत, फ्रीजमध्ये, दोन आठवडे. बुडबुडे दिसले किंवा आंबूस वास आला तर फेकून द्या. ताजे रस दोन दिवसांत संपवा. पाकातून गाळून काढलेल्या मसाल्यात एका फेरीचा दम अजून असतो: १०० ग्रॅम साखर आणि १०० मिली पाण्यात तो पुन्हा पंधरा मिनिटं उकळला की सौम्य पाक मिळतो. पेल्यासाठी तो फिका पडतो, कापलेल्या फळांवर ओतायला मात्र अगदी बेताचा असतो.